वरवंट्याचा झोका

सितारामने पाळण्याखाली विजेचं चुंबक बसवायला घेतलं, तेव्हा नेरूळ गावात त्याला कुणी तोंडावर वेडा म्हटलं नाही. जळालेल्या विजेच्या मोटारींत नव्याने तार गुंडाळून देणाऱ्या, म्हणजे वाइंडिंग करणाऱ्या माणसाला वेडा म्हणून चालत नाही. उद्या आपलाच पंखा जळाला तर जायचं कुणाकडे? लोक नुसते दारातून डोकावायचे आणि पलीकडच्या ओट्यावर जाऊन पोटभर हसायचे.

हसू देत. सितारामपुढे सोमवार उभा होता. सोमवारी गोजराची बाळंतपणाची रजा संपत होती आणि तिला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषधांच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. घरची शेती नव्या शहरात गेली, तिच्या बदल्यात घरात आलेली ही एकुलती एक नोकरी. ती सोडायचा विचार नवऱ्याच्याही मनात नव्हता आणि बायकोच्याही. अडचण नंदकुमारची होती. नाव भारदस्त असलं तरी माणूस तीन महिन्यांचा. दूध प्यायचा, हसायचा, सगळं गुणाचं. पण झोका थांबला की त्याचे डोळे उघडलेच म्हणून समजा. मग तो असा काही सूर लावायचा की शेजारची कोंबडी बावरायची.

सितारामची आई चांगुणाबाई घरात होती. तिचं सगळं आयुष्य मिठागरात मीठ ओढण्यात गेलं, आणि मिठाने तिच्या दोन्ही मनगटांतला जोर ओढून घेतला. नातवाला दूध पाजणं, लंगोट बदलणं तिला जमायचं. दुपारभर दोरी ओढणं मात्र जमायचं नाही. थोड्या वेळाने बोटं आपोआप सुटायची आणि ती आपल्या हातांकडे असं बघायची, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

जासईहून गोजराची आई, गिरजाबाई, बघायला आली तेव्हा नेमकं हेच घडलं. गिरजाबाई मनाची वाईट नव्हती, पण जिभेला धार होती. "पोराला मी नेतंय रविवारी," ती म्हणाली. "गोजरा सुट्टीला येल तिकडं. विहीनबायचं हात आता कामाचं राह्यलं नाय, त्यांना कशाला तरास?"

त्या दिवशी चांगुणाबाई जेवली नाही. पाळण्याच्या काठाला हात लावून बसून राहिली. सितारामला ते बघवेना. नातू या घरातून गेला तर आई नुसती भिंतीकडे बघत दिवस काढील, हे त्याला दिसत होतं. आणि हातात कला असून आपण बघत राहिलो, तर ती कला काय जाळायची आहे?

आधी त्याने ओढणारं चुंबक करून पाहिलं. पाळण्याला लोखंडी पट्टी आणि बाजूला तारेच्या वेढ्यांची कॉइल. वीज दिली की पट्टी जवळ यायची, आणि जवळ आली की ओढ एकदम वाढायची. पाळणा असा आदळला की आतलं पोर जागं होण्याऐवजी बेशुद्धच पडलं असतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला ओढणारं चुंबक नकोच, ढकलणारं हवं. मऊ हातानं, लांब सारणारं.

त्याचा मालक खलील मूळचा उरणकडचा. तुर्भ्याला त्याचं वाइंडिंगचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत होतं. त्याने फुटक्या लाउडस्पीकरमधलं चुंबक काढून दिलं. "हे पालन्याच्या बुडाला लाव. खाली कॉइल. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घे, डायोड टाक, म्हंजे वीज एकाच बाजूनं जाते, टेन्शन नाय. चुंबकाची जी बाजू खाली, तीच बाजू कॉइलची वर आली पायजे. उलटं झालं तर दोन वायरी बदल, बस."

सितारामने तसंच केलं. पाळण्याच्या कडीपाशी पितळेचा एक पातळ पत्रा लावला. पाळणा मधोमध येऊन पुढे निघाला की पत्रा तारेच्या टोकाला टेकायचा, कॉइलमध्ये क्षणभर वीज यायची आणि पाळण्याला मागून एक ढकल मिळायची. निदान मिळायला हवी होती.

पहिल्याच चाचणीला चांगुणाबाई चुलीपासून ओरडली. "सिताराम, हात काढ."

त्याने हात काढला.

"रिकामा पालना हालवतंस? पोराचं पोट दुखंल ना." ती आत गेली आणि दोन्ही हातांच्या कवेत वरवंटा धरून आली. बारशाला बाळाच्या आधी तोच तर पाळण्यात गेला होता, काजळाची तीट लावून. आता पुन्हा त्याला कुंची चढली, दुपट्यात गुंडाळला गेला आणि नंदकुमारच्या जागी ऐटीत झोपला. शहाणपण म्हणा की योगायोग, वजनही साधारण पोराएवढंच होतं.

वरवंट्याने मात्र दाद दिली नाही. सितारामने झोका द्यावा, पाळण्याने दोन-चार हेलकावे खावेत आणि मधोमध येऊन गपकन थांबावं. सिताराम वाइंडर. जोर कमी पडतोय म्हटलं की वाइंडर तारेचे वेढे वाढवतो. त्याने वाढवले. मग कॉइलच्या पोटातलं लोखंड बदलून आणखी जाड घातलं, कारण पोटात लोखंड नसलेली कॉइल म्हणजे वाइंडरच्या लेखी डाळीशिवाय वरण. जितकं लोखंड जाड झालं, तितका पाळणा लवकर थांबायला लागला. शुक्रवार असा गेला. शनिवारी दुपारी त्याने पक्कड फेकली आणि विजेला शिव्या घातल्या.

"विजंला कशाला शिव्या देतंस?" चांगुणाबाई म्हणाली. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या वरवंट्याकडे बघत होती, जणू तोही नातूच. "आता तर तुझं बटन बंद हाय. तरी खालून कोनतरी धरतंय."

सितारामने बटणाकडे पाहिलं. खरंच बंद होतं. त्याने पाळणा हलवला. मधोमध आला आणि गप.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. पाळण्याच्या बुडाला अस्सल चुंबक होतं आणि कॉइलच्या पोटात लोखंड. वीज असो नसो, चुंबक लोखंडाला सोडणार होय? विजेने एका बाजूने ढकलायचं आणि लोखंडाने दुसऱ्या बाजूने धरून ठेवायचं, असा संसार चालला होता. त्याने कॉइल सोडली, आतलं लोखंड काढून कोपऱ्यात टाकलं, नुसत्या पोकळ फिरकीवर तार गुंडाळली. ढकल कमी झाली, पण तिला आता अडवणारं कुणी उरलं नाही. झोका दिला. पत्रा टेकला, सुटला, टेकला, सुटला. पाळणा चालत राहिला. कुंची घातलेला वरवंटा डुलत होता आणि सितारामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलंही नाही.

खलील संध्याकाळी मुद्दाम बघायला आला. हाताने पाळणा थांबवून त्याने हात बाजूला घेतला. पाळणा जागच्या जागी. "हे काय, पयला झोका तू देनार? कसला वाइंडर तू? कॉइल बोटभर मागं घे, पत्रा आदीच टेकू दे. उभा पालना पन आपला आपन निघंल."

सितारामने तेही करून पाहिलं. बटण दाबलं. पाळणा जरासा शहारला, मग थोडा, मग आणखी थोडा, आणि कुणाचाही हात न लागता लयीत झुलू लागला. खलीलने त्याच्या पाठीत थाप मारली. ओट्यावरचे हसणारेही उठून आले.

चांगुणाबाई एवढंच म्हणाली, "बरं झालं. आता कोनाची गरज नाय." तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, म्हणूनच ते सितारामला लागलं. ती उठली, वरवंटा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सगळे पांगल्यावर सिताराम पाळण्याखाली शिरला. कॉइल त्याने बोटभर पुढे घेतली, पत्रा पहिल्यासारखा वाकवला. आपल्या हाताने आपलं काम अधू करायचं म्हणजे कारागिराला काय वाटतं, ते कारागिरालाच विचारावं.

रविवारी गिरजाबाई पिशवी घेऊनच आली. नंदकुमार पाळण्यात होता आणि सूर लावायच्या बेतात होता. गोजरा एकदा आईकडे बघत होती, एकदा नवऱ्याकडे. सितारामने बटण दाबलं.

पाळणा हलला नाही.

"मंग?" गिरजाबाई म्हणाली.

"मामी, पयला झोका मान्साच्या हातचा लागतो," सिताराम सासूला म्हणाला. "यापरीस जास्त मना जमत नाय. आये, जरा हात लाव."

चांगुणाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग एका बोटाने पाळण्याचा काठ हलकाच सारला. पाळणा निघाला. पत्रा टेकला, सुटला. नंदकुमारने जांभई दिली, मूठ तोंडाशी नेली आणि सूर लावायच्या आत तो झोपला. गिरजाबाई बराच वेळ उभी राहून बघत होती. चहा पिऊन निघताना तिने पिशवी उचलली ती रिकामीच. दारात थांबून म्हणाली, "विहीनबाय, दुपारी पोराला कुशीवर निजवत जा. मानंला बरं पडतं."

ती गेल्यावर गोजरा सोमवारची साडी बघायला आत गेली. चांगुणाबाई पाळण्यापाशी बसली. झोका चालू होता.

"सिताराम," ती हळूच म्हणाली, "काल तर हा आपला आपन निघला होता."

सिताराम पक्कड पिशवीत घालत होता. त्याने मान वर केली नाही.

"काल वरवंटा होता, आये," तो म्हणाला. "आज नातू हाय."