पातूरच्या दवाखान्यातील पाऱ्याची पेटी

मी रक्तदाबमापक बोलतो आहे. लाकडी पेटी, काचेची उभी नळी, तिच्यात पारा, दंडाला बांधायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. ज्याच्या अंगी पारा आहे, त्याला स्वस्थता कोठून लाभणार? रक्त ज्या जोराने धमनीच्या भिंतीवर आदळते, तो जोर मोजणे हे माझे कर्तव्य. आणि मोजलेले कोणी मानले नाही, तर तळमळणे हा माझा स्वभाव.

माझी घडण विलायतेतल्या एका कारखान्यात झाली. जहाजाने मुंबई, आगगाडीने अमरावती आणि तेथून मी चंद्रभान नावाच्या विक्रेत्याच्या हाती आलो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या कारभाराखाली होते. उपकरणे विकणारे इतर लोक अमरावती-अकोल्याचे मोठे दवाखाने उरकून माघारी फिरत. चंद्रभानला मात्र जेथे कोणी जात नाही, तेथेच जाण्याची खोड होती. मोठ्या गावच्या डॉक्टरांना नवे यंत्र वाटेत भेटतेच, असे त्याचे म्हणणे. आडगावच्या डॉक्टरांपर्यंत ते कोणी तरी न्यावे लागते.

न्यावे लागते, हे खरे. पण घ्यावे कोणी? चांदूर रेल्वेच्या एका डॉक्टरांनी मला उलटसुलट न्याहाळले आणि ते म्हणाले, "माहा दाब घरी रोज मोजल्या जाते, चंद्रभानजी. त्याले यंत्र कायले लागते?" पडद्याआडून त्यांच्या पत्नीचेही हसू ऐकू आले. चंद्रभानही हसला. मग त्याने मला मिटले आणि स्थानकाची वाट धरली. गाडीच्या प्रत्येक धक्क्यासरशी माझा पारा हिंदकळत राहिला. उघडायचे, दाखवायचे, मिटायचे आणि पुन्हा चालू लागायचे: उपयोगावाचून हिंडण्यासारखा दुसरा शीण नाही.

शेवटी पातूरचे डॉक्टर किसनराव यांनी मला ठेवून घेतले, तेही भिडेखातर. नाडीपरीक्षेत त्यांचा हात धरणारा त्या मुलुखात कोणी नव्हता. पुढच्या फेरीपर्यंत वापरून पाहावे, पटले नाही तर परत न्यावे, असे ठरले.

आरंभी लोक बिचकले. ही पेटी रक्त पिते, अशी आवई उठली होती. एका म्हाताऱ्याने पट्टा सुटल्यावर आपला दंड चाचपला आणि "उरलं हाय थोडंसं" असे जाहीर केले, तेव्हा कोठे ओसरीवरची माणसे आत आली. पुरुषांचा दाब मी अचूक सांगे आणि किसनरावांच्या बोटांनाही ते पटे. बायकांच्या बाबतीत मात्र सगळा घोटाळा होता. धडधाकट बाई समोर बसली, तरी माझा पारा अवाच्या सवा चढलेला दिसे.

कारण माझ्या देखत, रोज, उजेडात घडत होते. त्या भागातल्या सवाष्ण बायका दंडात चांदीची वाकी घालीत आणि नवरा हयात असताना ती उतरवीत नसत. ती काढायला सांगणे म्हणजे अभद्र बोलणे. किसनराव मुलखाची रीत जाणणारे. ते वाकीवरूनच पट्टा बांधीत. माझी सारी हवा त्या कठीण कड्याशी झुंजण्यात खर्च होई आणि पारा उगाच चढे. मला हे कळत होते आणि सांगता येत नव्हते.

नत्थुजी आणि मैनाबाई हे भाजीपाला आणि फुले पिकवणारे माळी जोडपे. त्यांची सून सत्यभामा पहिलटकरीण होती. एकदा ती दाखवून गेली होती. तेव्हा चढलेला पारा किसनरावांनी मनावर घेतला नाही. दिवस भरत आल्यावर मैनाबाई तिला पुन्हा घेऊन आली; नत्थुजी दाराशी थांबला. पाय सुजलेले, डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बाळंतपणासाठी घाटापलीकडच्या माहेरी न्यायचे होते. तेथे ना डॉक्टर, ना मोटारीचा रस्ता. प्रवासापुरती डोकेदुखीची पुडी मिळावी, एवढीच मागणी होती.

किसनरावांनी वाकीवरून पट्टा बांधला. पारा चढला. बायांचे असेच येते, म्हणून त्यांनी पुडी बांधायला घेतली. तेवढ्यात मला परत न्यायला चंद्रभान दारात उभा राहिला.

"न्या तुमची पेटी," किसनराव म्हणाले. "पुरुषांशी खरं बोलते, बायांशी खोटं."

चंद्रभानने वाद घातला नाही. दोघांना पट्टा सारखाच बांधता का, इतकेच त्याने विचारले. किसनराव उत्तर द्यायला गेले आणि सत्यभामेच्या दंडाकडे पाहून थबकले. पुडीचा कागद त्यांच्या हातात तसाच राहिला. मग खालच्या आवाजात त्यांनी वाकी काढायला सांगितली.

सत्यभामेने हात छातीशी ओढून घेतला. दारातून नत्थुजी म्हणाला, "माहा पोरगा जिता हाय, डाक्टरसायेब."

कोणी हलेना. पट्टा अर्धवट सुटून लोंबत होता. अखेर मैनाबाईने पदर खांद्यावर सारला आणि ती स्वतःच्याच दंडातली वाकी ओढू लागली. वर्षानुवर्षे रुतलेली ती. कातडे सोलवटून निघाली.

"काई वाईट होयाचं असन, तं आधी तुमचं होऊ द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "मंग पोराचं पाहू."

नत्थुजीने आपली छाती हळूच चाचपली. सत्यभामेने वाकी उतरवली.

किसनरावांनी आधी मैनाबाईचा दाब घेतला. वयाला शोभेल असाच होता. मग सुनेचा. पारा चढत गेला, फार वर गेला, तरी कानातल्या नळीतून ठोके ऐकूच येत राहिले. त्यांनी पुन्हा मोजले. आता शंका उरली नाही: दाब खराच होता आणि तो पोरीच्या जिवावर बेतणारा होता. माहेर रद्द, आत्ताच्या मोटारीने अकोला, असे ते म्हणाले. मोटार भरली होती. चंद्रभानने परतीसाठी धरलेली आपली जागा सोडली.

अकोल्याच्या दवाखान्यात पोचताच सत्यभामेला झटके आले. हाताशी डॉक्टर होते म्हणून ती वाचली. मूल वाचले नाही. पहिल्या वेळीच पट्टा उघड्या दंडावर बांधला गेला असता, तर? किसनरावांनी हा प्रश्न कधी उच्चारला नाही. पण त्यानंतर त्यांनी एकाही बाईचा दाब वाकीवरून मोजला नाही.

मी पातुरातच राहिलो. आज माझे रबर चिरले आहे, पारा काळवंडला आहे. गेल्या आठवड्यात चंद्रभानने पाऱ्याऐवजी तबकडीवर काट्याने दाब दाखवणारे नवे यंत्र आणले, तेव्हा दाब दाखवायला आलेली सत्यभामा तेथेच होती. तिने दोन्ही यंत्रांकडे पाहिले आणि म्हणाली, "तुमच्यापाशी आता दोन झाले. माह्या माहेरी एकबी काहून नाई? माही धाकटी बहीण पोटुशी हाय. तिचा हात कोण पाह्यते?"

चंद्रभान माझ्याकडे पाहत राहिला.

चंद्रभान, नवे रबर घाल, पारा गाळून घे. घाटापलीकडे मोटार जात नसेल, तर मला डोक्यावर घे. पण आज नीघ.