क्युअर आणि केअर

शब्दकोशाच्या छापखान्यात त्याला सगळे ‘काना-मात्रा’ म्हणत. तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या त्या माणसाच्या नजरेतून साधा अनुस्वारही सुटत नसे. घरी तो आणि थोरली बहीण, दोघंच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, ताई सोळाची. शिवणयंत्र चालवून तिनं त्याला वाढवलं. स्वतःचं लग्न मात्र आज करू, उद्या करू म्हणता राहूनच गेलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी ताईचा रिपोर्ट मिटला आणि म्हणाले, “आता क्युअर नाही. घरी न्या, केअर घ्या.”

टॅक्सीत ताईनं विचारलं, “दोन वेगळे शब्द होते का रे? मला तर एकच ऐकू आला.”

“वेगळे आहेत. पण सख्खी भावंडं असावीत. बघून सांगतो.”

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या त्यानं जाडजूड इंग्रजी कोश काढला. क्युअर लॅटिनमधून आलेला. मुळात त्याचा अर्थ काळजी, देखभाल. केअर मात्र जुन्या इंग्रजीतला आणि त्याचा मूळ अर्थ शोक. दिसायला सारखे, पण नात्यागोत्याचा पत्ता नाही. त्यानं तीनतीनदा वाचलं. इथे छपाईची चूक असती तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं.

“एकाच घरचे निघाले,” संध्याकाळी तो ताईला म्हणाला.

“थापा मारू नकोस. लहानपणापासून ओळखते मी तुला.”

मग त्यानं खरं ते सांगितलं.

“तुला गोवर निघाला होता तेव्हा आठ रात्री उशाशी बसून रडत होते,” ती म्हणाली. “रडत रडतच औषध पाजायचे. कुणीतरी माझ्यासारखंच असणार, ज्यानं हा केअर शब्द काढला.” आणि हसायला गेली, तर खोकल्याची उबळ आली.

त्यानं बिनपगारी रजा घेतली. सात आठवडे तिला अंघोळ घातली, वेणी घातली, कूस बदलून दिली. तोंड फिरवून डोळे पुसायचा तेव्हा ती म्हणायची, “रड की समोर. केअरच चाललीय ना!”

एका दुपारी तो तिची नखं कापत होता. डाव्या हाताची झाली, उजव्या हाताची दोन झाली आणि तिचा श्वास थांबला. मग उरलेल्या तीन बोटांची नखं त्यानं हलक्या हातानं, तिला लागणार नाही अशी कापली आणि शेजाऱ्यांना हाक मारली.