पाय माझा आहे

"सोडा! सोडा म्हणते ना!"

शिलाईवालीने दुसऱ्या पायाने छातीवर लाथ हाणली, तेव्हा कुठे नवऱ्याने हातातलं पाऊल सोडलं. पाऊल आत वळलं होतं, बोटं तळव्याखाली मुडपली होती, पोटरीचा दगड झाला होता. सकाळची गोळी लागू पडेपर्यंत रोज हेच. नवऱ्याने जन्मभर पंप दुरुस्त केलेले. अडकलेलं काहीही जोर लावून सोडवायचं, एवढंच त्याला ठाऊक. बायकोची बोटंही तो गंजलेल्या नटासारखी फिरवायला गेला होता.

"तुला बरं वाटावं म्हणून…"

"जीव गेला माझा!"

पार्किन्सन्स म्हटलं की जो तो हात बघायचा. जाऊबाई तर चहाचा कप हातात देऊन सांडतोय का ते बघत बसायच्या. हात धडधाकट होते. पाय दुखतोय म्हटलं की, "वय झालं आता." पायाचं दुखणंही पार्किन्सन्सचंच, हे कळेपर्यंत नुसत्या चपला बदलण्यात वर्ष गेलं होतं. दुखण्यापेक्षा तिला त्या वर्षाचा राग होता.

एवढ्यात दाराची बेल वाजली. समोरच्या इमारतीतली नर्स गणवेशाचं कापड घेऊन आली होती. नवरा दारात हळू आवाजात म्हणाला, "ती आता शिवत नाही हो. दुसरीकडे बघा."

खाटेवर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उठून जावं तर पाय टेकवत नव्हता.

"कोण म्हणतं शिवत नाही?" ती आतून ओरडली. "कापड ठेव गं तिथंच! माप आहे माझ्याकडे, संध्याकाळी घेऊन जा!"

नर्स गेली. नवरा कापड घेऊन आत आला.

"तुझ्याच भल्यासाठी म्हणालो."

"मला विचारलंत? मेले नाही अजून मी!"

त्याने कापड मशीनवर ठेवलं. तासाभराने बोटं सैल झाली. भिंत धरत ती मशीनशी आली आणि कापड बेतायला घेतलं. दुपारपर्यंत पायाखाली मशीनची पायपट्टी छान चालली. मग, पुढची गोळी घ्यायला अजून वेळ असताना, कॉलर निम्मी झाली आणि पाऊल पुन्हा आत वळलं. कळ थेट मांडीपर्यंत गेली.

नवरा धावला. खाली वाकला.

"पायाला हात लावाल तर याद राखा."

"अगं, राहू दे. उद्या शिव."

"आणि ती उद्या कामावर काय उघडी जाईल?"

तिने वळलेला पाय पायपट्टीवरून ओढून बाजूला घेतला आणि उजव्या हाताने मशीनचं चाक फिरवायला सुरुवात केली. डाव्या हाताने कापड सरकवत एकेक टाका घालू लागली. नवऱ्याला काय करावं कळेना. शेवटी त्याने जमिनीवर लोळणारं कापड उचलून धरलं.

कळ येत होती तशी येत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. कॉलरची शिवण सरळ चालली होती.