गाऱ्हाण्यातली माफी

शिमग्याला आमच्या पालखीपुढे गाऱ्हाणं मी घालतो. बापाकडून आलेला मान आहे. मी एकेक मागणं ओरडून देवाला सांगायचं आणि हात जोडून उभ्या गावाने "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. पोरं आईच्या कडेवर असतानाच हे शिकतात. त्यामुळे मागणं काय, ते नीट ऐकून कोणी म्हणतो म्हणता? छे!

चौऱ्याऐंशी साली सहदेववरून गावात दोन तट पडले होते. सहदेव माझा चुलतभाऊ. बागेच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, भांडण पेटलं आणि त्याने माझ्यावर कोयता चालवला. माझ्या उजव्या हाताची बोटं गेली, तो तुरुंगात गेला. आता उरलेली शिक्षा माफ करून त्याला सोडायचं घाटत होतं आणि पोलीस गावाचं मत विचारत होते. सरपंच महिपत म्हणे सोडा, कारण सहदेव त्याच्या पार्टीचा. विरोधी पार्टीचा सखाराम म्हणे, मुळीच नाही. न्यायाची चाड वगैरे काही नाही हो! प्रत्येक सभेत तो मला स्टेजवर उभा करायचा आणि माझा थोटा हात वर धरून "बघा सरपंचाच्या माणसांची करणी!" म्हणून गरजायचा.

आणि इकडे यमुनाकाकी, सहदेवची आई. माझी आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आता तिने अंथरूण धरलेलं. "भागोजी, पोराचं तोंड बघून जाऊ दे रे," एवढंच म्हणायची. म्हणायची कोणाला, तर मला! राग यायचा आणि रडूही यायचं.

मी सखारामकडे गेलो. "सखारामभाऊ, विरोध सोडा."

"गप रे! तू भोळा हायस. तुझ्यासाठीच लढतोय मी."

आता माझ्यासाठीच लढणाऱ्याशी मी कसा लढणार? मुकाट शिमग्याची वाट बघितली.

पालखी देवळापुढच्या चौथऱ्यावर बसली. बंदोबस्ताला आलेले जमादारसुद्धा टोपी काढून उभे राहिले. मी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आंबा गळू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

"चाकरमानी मुंबईला सुखरूप पोचू देत!"

"व्हय म्हाराजा!"

"सहदेव सुटून घरी येऊ दे, आणि गावात कोणाची हरकत नको!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज सखारामचा. मग त्याचं तोंड जे उघडं राहिलं, ते मिटेचना. महिपत पोट धरून हसला, जमादार मिशीत हसले. देवापुढे दिलेला शब्द फिरवतो कोण?

पण सखारामही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तरातरा पुढे आला.

"थांबा! एक मागणं राहिलं. बा देवा म्हाराजा! ह्या भागोजीने सहदेवला मनापासून माफ केलंय, हे खरं असू दे!"

व्हय म्हणायचं सोडून सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते दोन शब्द आता मी म्हणायचे होते. उजवा हात अजून ठणकतो माझा. पायजम्याची नाडी गोदा बांधून देते, माझी बायको.

"खोटं कशाला बोलू, म्हाराजा," मी म्हटलं. आवाज फाटला. "नाय केलंय माफ. जमेल तेव्हा जमेल, नायतर नायच जमणार. पण काकी तोवर थांबायची नाय. तिचा पोरगा येऊ दे घरी."

कोणी काही बोलेना. या वेळी ऐकलं होतं ना सगळ्यांनी! सखाराम माझ्या हाताकडे बघत राहिला. सभेत इतक्यांदा वर धरला, पण असा कधी बघितला नव्हता त्याने.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. हळूच, एकटाच. मग गाव म्हणालं.