तिसरं बटण

मेकॅनिकने टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, दातांत छोटी बॅटरी धरली आणि मान वाकडी करून मागे डोकावला. मग उठून गुडघे झटकत त्याने निकाल दिला. टीव्हीला मागे वायर लावायच्या दोनच जागा होत्या आणि त्यातली एक वाकून कामातून गेली होती. लेकीने कधीतरी गेमची पिन उलटी दाबली असणार. उरली एक. जोडायच्या मात्र तीन वस्तू होत्या: चॅनेलचा सेट-टॉप बॉक्स, लेकीचा गेम आणि आता हा नवा कॅमेरा.

“एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, वहिनी,” तो म्हणाला. “तुम्ही तीन घेऊन बसलात.”

ती मशीनवरचं कापड बाजूला सारून उठली. पडदे शिवणं हा तिचा धंदा, आणि मशीन बाहेरच्या खोलीत. सासरे, अण्णा, आत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. त्यांचं उजवं अंग आणि वाचा गेल्याला चार महिने झाले होते. मागच्या आठवड्यात ते पलंगावरून घसरले आणि तास-दीड तास तसेच फरशीवर पडून राहिले. हाक मारता येत नव्हती, आणि मारली असती तरी मशीनच्या खडखडाटात तिला ऐकू आली नसती. मोबाइलवर कॅमेरा बघायचा प्रयोग करून झाला होता, पण दोन्ही हात कापडात गुंतलेले असायचे आणि मिनिटाला स्क्रीन विझायची. टीव्ही समोरच होता. मान वर केली की दिसले पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं.

गेम काढून टाकावा, असं तिने सुचवलं, तेव्हा लेक रुसली. चॅनेल काढून टाकावेत, असं सुचवलं, तर नवरा म्हणाला, “दिवसभर राबून आल्यावर माणसाने बातम्याही बघायच्या नाहीत का?” सख्ख्या बापासाठी टीव्हीच्या मागची एक जागा देववत नाही या माणसाला, एवढं तिच्या मनात आलं, आणि तिथेच राहिलं.

मेकॅनिकने पिशवीतून काड्यापेटीएवढी एक डबी काढली. तिच्यात तीन वायरी शिरायच्या आणि एक बाहेर निघून टीव्हीला जायची. सोबत तीन बटणांचा छोटा रिमोट. पहिलं दाबलं की चॅनेल, दुसरं दाबलं की गेम, तिसरं दाबलं की अण्णा. अण्णांच्या समोरच्या भिंतीवर लावलेल्या कॅमेऱ्याला बारीकसा हिरवा दिवा होता. कुणी बघत असलं की तो लागतो, एरवी कॅमेरा झोपलेला असतो, असं त्याने समजावून सांगितलं.

घराची घडी बसली. दिवसभर तिसरं बटण. दुपारी लेक आली की तासभर दुसरं. साडेसहाला फाटक वाजायचं, नवरा यायचा, बूट काढायचा आणि पहिलं बटण दाबून बातम्या लावायचा. ती चहा टाकायला आत जायची.

आतल्या खोलीकडे नवरा फिरकत नसे. अण्णांना दवाखान्यातून घरी आणायचं त्यानेच ठरवलं, पलंग त्यानेच आणला, औषधं न चुकता तोच आणायचा आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचा. उंबरठा मात्र ओलांडायचा नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याची आई गेली, तेव्हा तो खात्याच्या परीक्षेसाठी परगावी होता. आईचं दुखणं विकोपाला गेलं होतं, तरी अण्णांनी त्याला दोन दिवस कळवलं नाही. पेपर बुडतील म्हणून. तो पास झाला, बढती मिळाली, आणि आईचं तोंड काही दिसलं नाही. तेव्हा धरलेला अबोला त्याने सोडला नव्हता. आता तर एका बाजूला बोलायची सोयच उरली नव्हती.

कॅमेरा लागून तीनेक आठवडे झाले असतील. अण्णांनी एक नवीनच खूळ काढलं. संध्याकाळ झाली की डाव्या हाताने कपाटाकडे खूण करायची. पहिल्या दिवशी तिला समजायला वेळ लागला. पाणी विचारलं, पांघरूण विचारलं, पंखा विचारला. शेवटी कळलं, कंगवा. केस विंचरून झाल्यावर गळ्याशी बोट नेलं. सदऱ्याचं वरचं बटण लावून हवं होतं. मग उशी लावून बसतं करायचं. हे रोजचंच झालं. कुणी येणार ना जाणार, आणि म्हाताऱ्याचा थाट बघा, असं ती शेजारणीला हसून सांगायची. पण एखाद दिवशी शिलाईच्या घाईत उशीर झाला, की अण्णा हातानं पलंगाच्या कडेवर थापा मारत राहायचे.

एका गुरुवारी, नवरा कामावरून आल्यावर, ती अण्णांना बशीतून चहा पाजत होती. लेक शिकवणीला गेली होती. बाहेर टीव्ही चालू असावा, पण आवाज येत नव्हता. अण्णा चहाचा घोट घ्यायचे आणि तिच्या खांद्यावरून वर बघायचे. तिने वळून पाहिलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

ती तशीच बशी धरून उभी राहिली. ती इथे. लेक घरात नाही. अण्णा ताठ बसलेले, भांग पाडलेला, सदऱ्याचं बटण गळ्यापर्यंत. ओठांच्या कोपऱ्यातून चहाचा ओघळ आला तेव्हा त्यांनी तो स्वतःच, डाव्या हाताने, तिच्याआधी टिपला.

थोड्या वेळाने ती कप घेऊन बाहेर गेली. तिची पावलं ऐकू येताच पडद्यावर बातम्या आल्या. नवऱ्याने कप घेतला आणि साखर कमी आहे म्हणाला. ती आत जाऊन चमचाभर साखर घेऊन आली. त्या दिवसापासून संध्याकाळच्या स्वयंपाकाला ती थोडा जास्त वेळ घेऊ लागली, आणि बाहेर येण्याआधी एखादं भांडं आपटू लागली.

पावसाळा संपता संपता एका शनिवारी ती डबी बंद पडली. कुठलंही बटण दाबा, पडदा निळाच. तिने मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, सोमवारशिवाय जमणार नाही. तोवर हवी ती एक वायर थेट टीव्हीला लावा. तिने ओणवं होऊन तिन्ही वायरी हातात घेतल्या. कॅमेऱ्याची वायर तिला लगेच ओळखू आली. जाडीला कमी होती. ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली, मग सेट-टॉप बॉक्सची वायर लावली आणि टीव्ही भिंतीकडे ढकलला. शिवायचे पडदे तिने गुंडाळून ठेवले आणि दुपारभर आत अण्णांपाशीच बसून उशांच्या अभ्र्यांना हाताने काज-बटणं केली.

साडेसहाला नवरा आला. बातम्या लागल्या. ती आत गेल्यावर रिमोटच्या बटणाची टकटक तिला स्वयंपाकघरात ऐकू आली, एकदा, दोनदा, मग भराभर. तो दारापर्यंत आला.

“ती डबी चालत नाहीये का?”

“सकाळपासून बंद आहे. सोमवारी येतो म्हणालाय तो.”

“मग कॅमेरा लावायचा होतास थेट. बातम्यांचं काय एवढं?”

“मी आज शिवतच नाहीये,” ती कणीक मळत म्हणाली. “मला नाही लागत आज कॅमेरा. तुम्हाला हवाय का? लावून देते.”

तो परत जाऊन बसला.

आत अण्णा बसलेले होते, केस विंचरून, नेहमीसारखे. त्यांची नजर कॅमेऱ्यावर होती. दिवा लागत नव्हता. सात वाजून गेले तसा त्यांचा हात पलंगाच्या कडेवर आपटू लागला. तिने हात धुतले आणि त्यांच्याजवळ गेली.

“अण्णा, बटणांची डबी बिघडलीय,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्हणून दिवा लागत नाही. ते आलेत घरी. बाहेर बसलेत.”

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, आणि मग सैल पडला. हात थांबला.

ती वळली तर नवरा उंबरठ्यावर होता. त्याने किती ऐकलं होतं, ते त्याच्याकडे बघून कळत नव्हतं.

“वायर तरी धड आहे का बघतो,” तो म्हणाला.

तो आत आला. पलंगाला वळसा घालून भिंतीपाशी गेला, टाचा उंचावून त्याने कॅमेरा हातात धरला, इकडे-तिकडे फिरवला, बोटाने त्यावरची धूळ पुसली. वायर मुळापर्यंत चाचपून पाहिली. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, आणि तरी तो बघत होता. अण्णांकडे त्याची पाठ होती. मग अण्णांच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता, पण कुणालातरी बोलावल्यासारखा होता.

नवऱ्याचा हात कॅमेऱ्यावरच थांबला.

ती स्वयंपाकघरात आली आणि मधलं दार ओढून घेतलं. गॅस बारीक केला. पोळ्या लाटायला घेतल्या, दोन लाटून झाल्या, तिसरी तव्यावर टाकली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आणखी दोन पोळ्या झाल्या. मग नवऱ्याचा आवाज, इतका खालच्या पट्टीतला की शब्द ऐकू येऊ नयेत. तिनेही कान दिला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मेकॅनिक होता. उद्या रविवारी सकाळी तुमच्याच बाजूला एक काम निघालंय, म्हणाला. डबी बदलून देऊ का? अर्ध्या तासाचं काम.

तिने बंद दाराकडे पाहिलं आणि तव्यावरची पोळी उलटली.

“नको, राहू दे,” ती म्हणाली. “आम्हाला काही घाई नाही.”