राजधानीचा शेवटचा दरवाजा

सिन्नरबाहेरच्या माळावर यादवांच्या जुन्या राजधानीचा एकच दरवाजा उभा होता. राजे देवगिरीला गेले, मागे बाभळी आणि आम्ही पाथरवट राहिलो. १९३४ साली नाशिक-पुणे रस्त्याच्या खडीसाठी रंगनाथ कंत्राटदाराची नजर त्याच्यावर गेली. डोंगर काय कमी पडले होते? पण फुकटचा दगड दिसला की असल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

दोन दिवस त्याचे गडी पहारी आणि घण घेऊन भिडले होते. कपच्या उडाल्या, दरवाजा हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ वैतागला आणि आता गडी खाणीवर लावतो म्हणाला. मी आणि माझा जोडीदार खलील शेजारीच पाटे घडवत बसलो होतो. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

जाता जाता तो म्हणाला, "ना चुना, ना काही. अडाण्यांनी धोंड्यावर धोंडा ठेवला आणि नशिबानं टिकला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खलीलनं दंड धरला. "सोमा, गप ऱ्हा. जाऊ दे त्याला."

मी हात झटकला. निघालो शहाणपण शिकवायला! म्हटलं, चुना कच्च्या कारागिराला लागतो. इथं दगडाला खाच आहे, शेजारच्याचा दात तिच्यात बसतो आणि सगळ्यांना कुलूप घालणारा दगड हा, डाव्या खांबावरचा. त्याच्यावर बोट ठेवून दाखवला, गाढवासारखा.

रंगनाथनं नुसती गड्यांना खूण केली.

दुपारपर्यंत दरवाजा आडवा झाला. तो दगड उताणा पडला होता. त्याच्या आतल्या अंगाला घडवणाऱ्याची निशाणी होती, त्रिकोण आणि मध्ये टिंब. आमच्यात रीतच आहे, निशाणी आत करायची, लोकांना दिसेल अशी नाही. त्या माणसानं आठशे वर्षं जे झाकून ठेवलं, ते मी एका टोमण्यापायी उघडं केलं. रंगनाथचा राग होताच, पण स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. खलील माझ्याकडे बघेना.

संध्याकाळी रंगनाथ मला मागच्या पडक्या देवळापाशी घेऊन गेला. आता बोलण्यात साखर होती.

"सोमाजी, तुमच्यासारखा जाणकार नाही. याचं कुलूप कुठंय?"

मला दिसत होतं. उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर.

"मी अडाणी माणूस," मी म्हटलं. "नशिबानं टिकलं असंल."