पाठ फाडलेला फोटो

मी एक फोटो बोलतोय. स्टुडिओत काढलेला, काळापांढरा, सागवानी चौकटीतला. मला जपणाऱ्यांविषयी बोलायचं आहे, आणि फारसं चांगलं बोलायचं नाही.

१९६१ साली भंडाऱ्याच्या एका स्टुडिओत मला काढलं. पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर बिन्यामिन आवासकर, त्यांची बायको मिलकाबाई, सहा वर्षांचा एलियाहू आणि मांडीवर दीड वर्षाची हन्ना. फोटोग्राफरने मागे राजहंसांचं तळं रंगवलेला पडदा लावला. ज्या जिल्ह्यात पावलोपावली खरी तळी, तिथे हे! माणसांच्या अकलेचा अंदाज मला तेव्हाच आला.

आवासकर ज्यू. मूळचे कोकणातले, घरात मराठीच बोलत. बदली होऊन भंडाऱ्याजवळच्या मोहाडीला आलेले. त्यांच्याकडे मालनबाई कामाला येई, अठरा-एकोणीस वर्षांची. तिच्या घरच्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता. गावातले थोर लोक तिला आपल्या विहिरीपाशी उभं राहू देत नसत. मिलकाबाई तिच्या हातचा चहा पीत. म्हणून त्या थोर लोकांनी आवासकरांकडे पाणी पिणंही सोडलं. त्यांची नावं मी सांगणार नाही. लक्षात ठेवावीत एवढी त्यांची लायकी नव्हती.

माझ्या पाठीला जाड पुठ्ठा होता. साहेबांनी त्यावर शाईने घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा लिहिल्या. त्याच पावसाळ्यात एक मृत्यूची तारीखही लिहावी लागली. हन्ना तापाने गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता.

१९६४ साली कुटुंब इस्रायलला निघालं. पितळी पातेली बरोबर गेली, शिलाई मशीन गेलं. मला मात्र मालनबाईच्या हाती देऊन टाकलं. पातेल्यांपेक्षा मी हलका होतो! आवासकरांनाही मी माफ केलं नाही.

मालनबाईने चाळीस वर्षं मला बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगून ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या पाठीवर काय आहे ते तिला ठाऊक होतं. साहेबांनी लिहिताना मोठ्याने वाचलं होतं.

मग गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याला सात वर्षं झाल्यावर इथल्या शिकलेल्या लोकांना उरलेल्या भंडाऱ्याचा वारसा आठवला. एक समिती निघाली. समितीचे ईश्वरराव मला मालनबाईकडून मागून प्रदर्शनाला घेऊन गेले आणि खाली चिठ्ठी लावली: ‘एक इंग्रज अधिकारी, सहकुटुंब’.

मालनबाई नात तृप्तीबरोबर बघायला आली. तृप्ती शाळेत शिक्षिका. तिने चिठ्ठी वाचून दाखवताच म्हातारी भडकली.

“इंग्रज नोहोय जी हा! आवासकर सायेब होय. मागं लिवलं आहे, पाहा ना.”

“मागचा पुठ्ठा?” ईश्वरराव हसले. “त्याले वाळवी लागली होती आजी. फाडून जाळून टाकला. आता हार्डबोर्ड लावला, पन्नास वर्षं काही होत नाही.”

“जाळायच्या आधी वाचला होता?” तृप्तीने विचारलं.

“वाळवी लागलेला पुठ्ठा कोन वाचते?”

संध्याकाळी ईश्वररावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. विषय होता, वारसा जतन.

महिन्याभराने, मी घरी परतल्यावर, दारात एक टकला माणूस उभा राहिला. “मी एलियाहू. आवासकरांचा.”

“एलू?” मालनबाईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. बाबा वारले. आई शहात्तर वर्षांची, विसरत चाललेली. दरवर्षी हन्नाच्या तिथीला ती दिवा लावते. तारीख बाबा सांगायचे. आता सांगणारं कोणी नाही. रोज एकच म्हणते, फोटोच्या पाठीवर आहे.

“मग फोटो नेला काहून नाही?” मालनबाईने विचारलं.

“आईच म्हणाली, नको. बॅगेत ठेवायला घेतला की हन्नाचा चेहरा दिसायचा आणि आईचा हात थांबायचा.”

बेचाळीस वर्षं मी त्या बाईला मनात शिव्या दिल्या होत्या. आता त्या माझ्याच तोंडात राहिल्या.

एलियाहूने मला उलटं केलं. कोरा करकरीत हार्डबोर्ड. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“रडतं कायले बावा?” मालनबाई म्हणाली. “मले याद आहे. पोयाचा दुसरा दिवस होता, मारबतीचा. पहाटे पोरं रस्त्यानं वरडत जाऊन राहिले होते, ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’. मिलकाबाईनं खिडकी लावाले सांगतली. मी खिडकी लावून वळली, तं पोरगी गेली होती.”

एलियाहूने डोळे पुसले. “साल एकसष्ट. पोळ्याच्या अमावास्येचा दुसरा दिवस. आमचेही महिने चंद्रावरच चालतात, मावशी. तारीख निघेल.”

तृप्तीने कागद घेतला आणि आजी सांगेल तसं लिहीत गेली. “हन्नाले ल म्हनता येत नोहता,” मालनबाई म्हणाली. “मले ‘मानन’ म्हने.”

“हे पण लिहू?”

“हेच लिही.”

तो कागद माझ्या पाठीवर चिकटवला. तेवढ्यात परदेशी पाहुणा आल्याचं ऐकून ईश्वरराव कॅमेरा घेऊन धावत आले. “आजी, जरा बाजूला व्हा. पाहुण्यांचा घेतो.”

एलियाहूने मालनबाईला जवळ ओढलं. “बाजूला तुम्ही व्हा,” तो म्हणाला.

उद्या मी त्याच्याबरोबर निघतो आहे. मालनबाईने मला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आहे. जाताना जपणाऱ्यांना एवढंच सांगतो: तुमच्या घरात एखादा जुना फोटो असेल, तर त्याची काच उद्या पुसली तरी चालेल. आज घरातल्या म्हातारीपाशी बसा आणि विचारा, हे कोण. ती फार दिवस थांबणार नाही.